मसुदा मशीनचा, मग जाब कोणाला विचारायचा?



ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांत पीडितांसोबत कोर्टात जाते. जातिवाचक शिवीगाळीची केस 'लोकांच्या नजरेसमोर' या एका अटीवर टिकते किंवा पडते. म्हणून कायद्यातला शब्द कोण लिहितो, हा माझ्यासाठी पुस्तकी प्रश्न नाही.

२०२३ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात एका नगरसेवकाने पाण्याच्या मीटरबाबतचा कायदा चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. सभागृहाने तो एकमताने मंजूर केला. मशीनचं नाव त्याने नंतर सांगितलं! (ती नगरपरिषद होती, हे खरं. पण संसदेत असं होणार नाही याची हमी कोण देणार?)

मसुदा दुसऱ्याने लिहिला, यात गैर काही नाही. आपल्या संविधानाचाही पहिला कच्चा मसुदा सल्लागार बी. एन. राव यांनी केला होता. बाबासाहेबांनी ते श्रेय भर सभागृहात त्यांना दिलं. पण पुढे संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि कलमामागून कलम उत्तरं द्यायला बाबासाहेब स्वतः उभे राहिले. चॅटजीपीटी कुठे उभं राहणार?

विधेयकातलं कोणतं कलम मशीनने लिहिलं, हे मतदानाआधी सभागृहाला सांगणं सक्तीचं करा, अशी लेखी मागणी आपापल्या खासदाराकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.