काम धरायचे कशाने?

गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने इंग्लंडहून येताना आजोबांसाठी वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती आणली. मूळ इंजिनाच्या १/७६ मापाची. पण तयार नव्हे, तर स्वतः जुळवायची. पेटीत पितळी पत्र्याचे सुटे भाग, तीन आस, सहा चाके आणि अंगठ्याएवढी मोटर होती. माझे सासरे अण्णा परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. कंपवात जडल्यापासून मात्र त्यांनी कानस हाती धरली नव्हती.

ते रोज अर्धा तास बसू लागले. एकदा एकच चाक चार वेळा निसटलेले पाहून मला राहवले नाही. रात्री ते झोपल्यावर सहाही चाके आणि त्यांना बाहेरून जोडणारे दांडे मीच बसवून टाकले. सकाळी अण्णांनी सांगाडा एकदा ढकलून पाहिला, पेटी मिटली आणि चार दिवस तिकडे पाहिले नाही. मदतीच्या नावाखाली मी त्यांचे कामच काढून घेतले होते.

पाचव्या दिवशी मी विचारले, "अण्णा, हे अडकते का?"

"एका बाजूच्या चाकाची खीळ वर असेल, तर दुसऱ्या बाजूची काटकोनात हवी. तिन्ही आसांवर तोच कोन. नाहीतर दांडा अडकणारच. काढ ती चाके." मग जरा थांबून म्हणाले, "आणि सूनबाई, काम हाताने धरायचे नसते, व्हाइसने धरायचे. हाताने फक्त हत्यार चालवायचे."

त्या वाक्याने मला वाट दाखवली. टेबलाला लहानसा व्हाइस बसवला. कोपरांखाली घडी घातलेला पंचा, सुटे भाग घरंगळू नयेत म्हणून काठाचे पांढरे ताट, वर भिंगाचा दिवा. गोळीचा परिणाम सुरू झाला, हात जरा स्थिरावले, की कामाला बसायचे. डाग देण्याचे काम माझे. खिडकी उघडी ठेवून आणि नंतर साबणाने हात धुऊन. कुठे आणि किती, हे अण्णा सांगत. दांड्यांची भोके मात्र त्यांनीच केसभर वाढवली, प्रत्येक वेळी चाक फिरवून पाहत.

तीन आठवड्यांनी मोटर न लावताच सांगाडा उतरत्या फळीवर ठेवला. स्वतःच्या वजनाने तो न अडखळता खाली गेला.

"आता मोटर," अण्णा एवढेच म्हणाले.

त्यांचे हात अजूनही थरथरतात. ठरल्या वेळी ते हाक मारतात. मी दिवा लावते, व्हाइस आवळते आणि शेजारी बसते.