खिडकीखालची जागा

आमचे घर म्हणजे एक खोली. दहा बाय बाराची. पुढे पत्र्याचा आडोसा घालून काढलेले स्वयंपाकघर आणि मागे मोरी. खोलीला खिडकी एकच, तीही पूर्वेची. सकाळी सातच्या सुमारास तिच्यातून उन्हाचा एक चौकोन फरशीवर उतरतो, हळूहळू खिडकीच्या दिशेने मागे सरकतो आणि अकराच्या आसपास निघून जातो. मग दिवसभर ट्यूबलाइट, तीही वीज असली तर.

लग्न होऊन आई या घरात आली तेव्हापासून तो चौकोन तिचा होता. त्यात बसून ती वाकळा शिवायची. आमच्या प्राध्यापकांपैकी काहीजण याला गोधडी म्हणतात. आमच्याकडे वाकळच. माझी आजी चिकोडीकडची, ती 'कौदी' म्हणते. नाव कोणतेही घ्या, जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालून हाताने शिवलेले ते पांघरूण.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला असे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. आता आमच्या गल्लीत रात्रीसुद्धा मागांचा खडखडाट चालू असतो. तो थांबला तर वीज गेली असे समजून लोक झोपेतून जागे होतात. माझे वडील, अण्णा, मागावर बारा तासांची पाळी करतात. म्हणजे घरातला एक माणूस दिवसभर नवे कापड विणतो आणि दुसरे माणूस जुने कापड शिवत बसते. लहानपणी मला याचे नवल वाटे. अण्णा मागावरचे चांगले कोरे तुकडे आणू शकतील, मग ही चिंध्या कशाला गोळा करते?

एकदा विचारले तेव्हा आईने कोऱ्या कापडाचा तुकडा माझ्या हातात दिला आणि सुई घालायला सांगितली. सुई आत जाईना. ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते, त्याशिवाय ते मागावर टिकत नाही. ती खळ पुष्कळ धुण्यांनी जाते. सहा-सात थरांतून सुई आरपार न्यायची तर कापड आधी कोणीतरी वर्षानुवर्षे अंगावर वागवून मऊ केलेले हवे. "नव्याची वाकळ हुईत न्हाई," आई म्हणाली. आणखी एक अडचण अलीकडची आहे. बायका आता वाकळीसाठी ज्या साड्या आणून देतात त्यांत सुती फार थोड्या असतात. नायलॉनचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपत नाहीत, आणि सुई त्यांतून जाताना किंचित किंचाळते. आई त्या साड्या वरच्या बाजूला शोभेपुरत्या लावते आणि पोटात जुनी धोतरे घालते. धोतर नेसणारी माणसे कमी झाल्याचे दुःख आमच्या घरात संस्कृतीपेक्षा वाकळीच्या कारणाने जास्त होते.

वाकळ घालायची तर आधी खालचे लुगडे फरशीवर ताणून पसरायचे. चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. आमच्याकडे त्यासाठी वरवंटा, इस्त्री, खलबत्ता आणि माझी एक जाड डिक्शनरी अशी चार वजने ठरलेली आहेत. मग थर. जिथे एक कापड संपते तिथे दुसरे सुरू व्हायचे, पण शिवण एकावर एक येता कामा नये, नाहीतर तिथे गाठ होऊन पाठीला रुतते. सगळे थर झाले की लांब कच्चे टाके घालून ते जागच्या जागी धरायचे. खरे काम त्यानंतर. काठापासून धावदोरा सुरू करायचा, चारी बाजूंनी फिरून पुन्हा आतल्या बाजूने दुसरी फेरी, मग तिसरी. चौकोनात चौकोन. शेवटी मध्यभागी तळहाताएवढी जागा उरते. ती शिवून बंद करण्याआधी आई तिथे चिमूटभर साखर आणि चार तांदळाचे दाणे ठेवते. "उपाशी वाकळ पांघरू ने," एवढेच तिचे स्पष्टीकरण.

मोठ्या वाकळीला तिला साधारण तीन आठवडे लागतात आणि मजुरी सातशे रुपये मिळते. मी एकदा अर्थशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. दिवसाला तेहतीस रुपये आणि वर काही पैसे. मी तिला आकडा सांगितला. तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "त्यात तुजी दोन पुस्तकं आली."

तिचा खिडकीखालचा संसार लहान होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रिळे. खुंटीवर तीन बोचकी, एक पांढऱ्याचे, एक रंगीताचे, एक नुसत्या काठांचे. बोटाला गुंडाळायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. सुया टोचून ठेवायला एक छोटी उशी, तिच्या पोटात कापूस नाही, फणीला येणारा केसांचा गुंतवळ. केसांना तेल असते म्हणून सुया गंजत नाहीत. आजीचेही असेच काही उद्योग त्या कोपऱ्यात चालायचे. ती रद्दी भिजवून, त्यात मेथ्या वाटून घालून लगदा करायची आणि पालथ्या घागरीवर थापून टोपल्या काढायची. माझ्या दहावीच्या भूगोलाच्या वह्या आज आमच्या घरात कांदे सांभाळतात.

बारावीला मला ७३ टक्के मिळाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत बारावीपर्यंत कोणी पोचले नव्हते. नातेवाईकांनी पेढे खाल्ले आणि "आता बास" असा सल्लाही दिला. अण्णा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जुन्या बाजारातून साडेचारशे रुपयांना एक लाकडी टेबल सायकलला बांधून आणले. एक पाय आखूड होता, त्याखाली फरशीचा तुकडा घातला. टेबल उजेडातच असायला हवे हे सगळ्यांना एकदम पटले. मला तर सर्वांत आधी. ते यायच्या आदल्या रात्री आईने स्वतःच बोचकी काढून पलंगाखाली सारली. "मी बसतो की बोळात," ती म्हणाली.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. आमच्या कोल्हापूर भागात पुष्कळ बायका 'मी येतो, मी जातो' असेच बोलतात. मीही बोलायचे. प्रथम वर्षाला वर्गात मी "सर, मी सांगतो" म्हणाले आणि मागच्या बाकांवरून हसू आले. तेव्हापासून मी 'येते, जाते' शिकले. घरी गेल्यावर मात्र तोंडात दोन्ही येई, आणि मग आईचे 'बसतो' मला खटकू लागे. त्या टेबलाशी बसून मी केवळ पुस्तके वाचत नव्हते, आईच्या बोलण्यातल्या चुकाही काढत होते.

एकदा वर्गातली एक मैत्रीण घरी आली. दोरीवर वाकळ वाळत होती. "अय्या, अजून तुम्ही ही वापरता?" ती म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हते. पण मी पटकन म्हणून गेले, "नाही, ही लोकांची आहे." एका अर्थाने ते खरेही होते. आई आत चहा करत होती. तिने ऐकले की नाही, मला आजही माहीत नाही.

गेल्या स्नेहसंमेलनात 'टाकाऊतून टिकाऊ' ही स्पर्धा होती. मी भाग घेतला. दुकानातून आइस्क्रीमच्या काड्यांचे नवे पाकीट आणले, सोनेरी लेस, रंगीत कागद, डिंकाची बाटली. सगळे मिळून एकशेचाळीस रुपये. त्याचे पेन ठेवायचे घर केले, त्याला कौले, दार, खिडकी. परीक्षकांनी सफाईचे कौतुक केले आणि मला दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र घेऊन मी घरी आले. आईने ते घर हातात घेऊन सगळीकडून पाहिले. मग अगदी साधेपणाने विचारले, "ह्यात टाकाऊ काय हुतं गं?"

मला राग आला. एवढे बक्षीस मिळवले आणि हिचे हे. मी टेबलाशी जाऊन बसले.

या काळात ती बोळात शिवत होती. बोळात उजेड असतो, पण सायकली जातात, पोरे पळतात, कोणी आले की वाकळ गोळा करून उठावे लागते, आणि पुन्हा पसरली की थर हललेले असतात. पाऊस सुरू झाल्यावर तेही बंद झाले. मग ती रात्री आमची जेवणे उरकल्यावर, मी टेबलाशी वाचत असताना, ट्यूबखाली खोलीच्या उरलेल्या भागात अर्धी वाकळ उलगडून शिवायची. अर्धी, कारण पुरी पसरायला जागा नव्हती. मी हे पाहत होते. पाहूनही मला त्यात काही दिसत नव्हते.

श्रावणात एक बाई वाकळ न्यायला आल्या. त्यांनी ती उंबऱ्यात उलगडली, बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "अवो, ह्या वक्ताला टाकं लांब पडल्यात की." आई काही म्हणाली नाही. सातशेचे पाचशे घेतले. मी टेबलाशी कविता पाठ करत होते, विषय निसर्गसौंदर्य होता.

त्या गेल्यावर मी आमची स्वतःची वाकळ काढली, जिच्यात माझा जन्म झाला तेव्हाचे आजीचे लुगडे आहे. पट्टी घेऊन टाके मोजले. एका इंचात पाच. मग पलंगाखाली घडी करून ठेवलेली, अर्धवट शिवलेली नवी वाकळ काढली. इंचात तीन, एके ठिकाणी तर दोनच, आणि ओळ वाकडी झालेली. बावीस वर्षे एका मापाने पडत आलेला हात हलला होता. डोळे गेले असतील, वय झाले असेल, असे मी मनाला सांगून पाहिले. आई एक्केचाळीस वर्षांची आहे.

पुढच्या रविवारी मला उशिरा जाग आली. अंथरुणातून मी उन्हाचा चौकोन पाहिला. तो टेबलावर पडला होता. मिटलेल्या पुस्तकांवर, रिकाम्या खुर्चीवर. माझे कॉलेज सव्वासातला भरते आणि साडेबाराला सुटते. मी अभ्यासाला बसते संध्याकाळी, ट्यूब लावून. म्हणजे गेले सव्वा वर्ष, आठवड्याचे सहा दिवस, घरातला एकमेव चांगला उजेड सकाळभर एका टेबलाला मिळत होता आणि तिथे कोणीही बसत नव्हते. या साध्या गोष्टीसाठी अर्थशास्त्राचे पुस्तक लागत नव्हते.

मी अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "टेबल नगं, फळी करू." पाडलेल्या एका घराच्या दाराची फळी त्यांनी शंभर रुपयांना आणली. दोन बिजागऱ्यांनी ती भिंतीला लावली. उघडली की टेबल, मिटली की भिंत. धरून ठेवायला दोन्ही बाजूंना सायकलची जुनी साखळी, रॉकेलने धुऊन. मागावरच्या रिकाम्या कांड्या एका पट्टीवर ओळीने ठोकल्या, त्यांत रिळे बसतात. एक तडा गेलेला धोटा अण्णांनी आणला होता. धोटा आतून पोकळ असतो, होडीसारखा. तो खिळ्याला आडवा टांगला, त्यात आता आईची कात्री आणि माझी पेने एकत्र असतात. टेबल तीनशेला परत गेले. बक्षिसाचे घर कपाटावर ठेवले आहे, त्यात पेन एकही नाही.

आई खूश होईल असे मला वाटले होते. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोललीच नाही. "टेबल इकलं कशाला?" हे एकच पालुपद. गल्लीत तिने सगळ्यांना सांगून ठेवले होते की आमच्या पोरीला अभ्यासाला टेबल आहे. आता ती त्यांना काय सांगणार? माझ्या डोक्यात हा मुद्दा आलाच नव्हता. माझ्या टेबलाचा अभिमान माझ्यापेक्षा तिला जास्त होता, आणि तो मी तिला न विचारता विकला होता. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर फळी मिटलेली होती, खाली लुगडे पसरलेले, चार कोपऱ्यांवर चार वजने. माझी डिक्शनरी जागेवर होती. "व्हय तिकडं, थर हालतील," ती म्हणाली. माझ्याशी बोलली ती अशी.

श्रावणातल्या त्या वाकळीचे दोनशे रुपये गेले ते गेले. पलंगाखालची अर्धवट वाकळ मात्र तिने तेवढ्या ओळींपुरती उसवून पुन्हा शिवली. कोणी सांगितले नव्हते.

टाके आता इंचात चार येतात. पाच आलेले नाहीत, येतील की नाही सांगता येत नाही. शिवण जमते पण सुईत दोरा ओवताना तिला त्रास होतो, हे मला आताच समजले. जवळचा चष्मा करायचा आहे, तो दिवाळीनंतर. तोवर मी रोज सकाळी सहाला उठून दहा सुयांत दोरे ओवते आणि गुंतवळाच्या उशीत टोचून ठेवते. दोरा हातभरच, त्याहून लांब घेतला की गुंततो. मग कॉलेजला निघते. दुपारी आले की आधी सुया पाहते. काल सात रिकाम्या होत्या.