जुनी बिल्डिंग, नवा भाडेकरू

दादरच्या हिंदू कॉलनीत तीन मजली जुन्या बिल्डिंगी अजून तग धरून आहेत. उंच छत, जाड भिंती, हवेशीर गॅलरी आणि वेस्टर्न-सेंट्रल दोन्ही लाइन हाताशी. ऑफिसवाल्यांना आणखी काय हवं?

आता दुसरी बाजू. बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही, पार्किंग विसरा, पाणी ठरल्या वेळीच. वायरिंग जुनं असेल तर एसी लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

हे सगळं चालवून घेता येतं. खरी मेख रिडेव्हलपमेंटची आहे. लीव्ह अँड लायसन्स बहुधा ११ महिन्यांचं. बिल्डिंग पाडायची ठरली की मालकाला नवा फ्लॅट मिळतो, तुम्हाला मात्र टेम्पो शोधावा लागतो!

म्हणून डिपॉझिट देण्याआधी विचारा : बिल्डिंगनं तिशी ओलांडली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? बिल्डरशी बोलणी कुठवर आलीत? घर पागडीचं तर नाही ना? पागडीचं घर मालकाच्या परवानगीशिवाय परस्पर भाड्यानं देता येत नाही. पावसाळ्याआधी म्हाडा धोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी काढते, तीही बघा. करार रजिस्टर कराच. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तो सक्तीचा आहे.

उत्तरं पटली? मग खुशाल सामान हलवा. फक्त फर्निचर जास्त घेऊ नका.