नगरएवढा देश

कुवेतला लेकाकडे निघण्याआधी भाऊ कागद घेऊन आला होता. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या घरामागची अब्बांची विहीर मुरुमाने बुजवायची आणि तिथे गाळे काढायचे, असा त्याचा बेत. माझाही हिस्सा असल्याने सही हवी होती. विहीर उन्हाळ्यात आटतेच. "आल्यावर करते," म्हणून मी विमानात बसले.

तिथे पहिल्याच दिवशी फजरच्या वुजूला सवयीने नळ बारीक केला. सून हसली, "अम्मी, हिंया पानी की फिकर नको करो."

टँकरमागे हंडे घेऊन धावण्यात माझं लहानपण गेलेलं. मी लेकाला विचारलं, "इथे नदी कुठली?"

"बारमाही नदीच नाही, अम्मी."

नातवाच्या पुस्तकात पाहिलं. कुवेतचं क्षेत्रफळ १७,८१८ चौरस किलोमीटर, आपल्या नगर जिल्ह्याचं १७,०४८. म्हणजे जवळजवळ सारखंच! पण आपल्याकडे १,६४६ मीटर उंच कळसूबाई आहे, प्रवरा आणि मुळा आहेत, भंडारदरा आहे. तिथली सर्वांत उंच जमीन सुमारे ३०० मीटर. बाकी सपाट वाळवंट आणि किनाऱ्याला खारवट पट्टा. पाऊस वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटर, आपल्या जिल्ह्याच्या साधारण पाचवा हिस्सा. उन्हाळा असा, की २०१६ मध्ये मित्रिबा इथे ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं.

पूर्वी तिथले लोक शत्त अल्-अरब नदीचं पाणी गलबतांतून आणत. १९५३ पासून समुद्राचं पाणी गोडं करू लागले. इंधन जाळून पाणी तापवायचं, वाफ थंड करून गोळा करायची आणि उरलेलं जास्त खारट पाणी परत उथळ आखातात सोडायचं. नळातला प्रत्येक लोटा जणू चुलीवरून उतरवलेला. तरीही दरडोई सर्वांत जास्त पाणी वापरणाऱ्या देशांत कुवेतचं नाव येतं. नातू नळ सोडून दात घासायचा, तेव्हा कारण कळलं: पाणी कुठून येतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

मला अब्बांची विहीर आठवली. अल्लाहने आपल्याला पाऊस दिला, तो पत्र्यावरून गटारात जातो आणि साठवायची जागा आपणच बुजवायला निघालो!

परत येऊन मी सही नाकारली. भाऊ दोन महिने बोलला नाही. लेकाच्या पैशांतून गाळ काढला, पत्र्याचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडलं. पहिल्या वर्षी पाणी संक्रांतीपर्यंत टिकलं, मग आटलं. "बघितलंस, आपा?" भाऊ म्हणाला. यंदा मार्च उजाडला तरी दोन हात पाणी आहे.

गाळ्यांचं भाडं बुडालं, हे खरं. भाऊ अजून पुरता राजी नाही. पण परवा विहिरीवर जाळी त्यानेच बसवून घेतली.