आधी फडकी, मग गाडी

डोंबिवलीजवळच्या कोपरला माझं कार डिटेलिंगचं छोटं काम आहे. गिऱ्हाईक चकाकणारं बॉनेट बघतं, मी आधी फडकी बघतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. त्यावर वाळूचा कण घासला गेला तर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे उठून दिसतात. हा कण पुष्कळदा पुसणाऱ्याच्याच फडक्यात असतो.

आमच्याकडे धूळही तऱ्हेतऱ्हेची. खाली मध्य रेल्वेचे रूळ, त्यांच्यावरून दिवा-वसई मार्ग. रुळांलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाची बारीक पूड बसते, त्यात बांधकामांचं सिमेंट आणि रस्त्यावरची माती. म्हणून फडक्यांची वाटणी ठरलेली आहे. निळी बॉडीला, हिरवी काचेला, करडी आतल्या डॅशबोर्डला आणि काळी चाकांना. निळं फडकं जुनं झालं की त्याच्या कोपऱ्यावर मार्करने फुली मारतो. मग ते चाकांच्या कामाला जातं. वरचं खाली उतरतं, खालचं वर कधीच चढत नाही.

नव्याने कामाला लागलेल्या पोराच्या हातून एकदा निळं फडकं खाली पडलं. त्याने उचललं, झटकलं आणि दरवाजाकडे वळला.

“दादा, झटकलंय ना!”

मी फडकं ट्यूबलाइटखाली धरून त्याची लव बोटांनी उलटी फिरवली. आत खडीचा बारीक तुकडा अडकला होता. नखाने ओढल्यावरच तो सुटला. आमची फडकी मायक्रोफायबरची. त्यांचा धागा पॉलिस्टर आणि नायलॉनचा, बहुधा 80-20 किंवा 70-30 या प्रमाणात. त्याचे तंतू चिरलेले असतात, त्यामुळे ते धूळ पकडून ठेवतात. झटकून ती सुटत नाही. तेव्हापासून जमिनीवर पडलेलं फडकं सरळ धुण्याच्या बादलीत जातं.

धुलाई त्याच दिवशी. पॉलिश लागलेलं फडकं वाळलं की पॉलिश तंतूंत घट्ट बसतं, म्हणून काम संपताच ते भिजत घालतो. सिरॅमिक कोटिंग पुसलेलं फडकं मात्र धुवत नाही. ते कोटिंग फडक्यातही कडक होतं आणि पुढच्या गाडीला ओरखडे पाडतं, तेव्हा ते टाकून द्यायचं. बाकीची फडकी गार किंवा कोमट पाण्यात, थोड्याशा लिक्विड साबणाने. कपडे मऊ करणारं कंडिशनर नको, ते तंतूंवर थर धरतं आणि फडकं पाणी शोषण्याऐवजी पुढे ढकलतं. ब्लीच नको, कडक गरम पाणी नको, इस्त्री नको. घरच्या सुती कपड्यांबरोबर तर मुळीच नको, कारण सुताचा कोंडा मायक्रोफायबरमध्ये जाऊन बसतो आणि काचेवर उतरतो. चाकांची फडकी वेगळ्या बादलीत.

पाण्यानेही फरक पडतो. नळाला उल्हास नदीचं पाणी येतं, त्यात फडकी मऊ राहतात. पाणीकपातीच्या दिवशी बोअरचं जड पाणी वापरावं लागलं की ती वाळल्यावर कडक लागतात. शेवटच्या खळबळण्यात थोडं व्हिनेगर टाकलं की क्षार सुटायला मदत होते.

पावसाळ्यात खरी परीक्षा असते. खाडी जवळ, हवा दमट. अर्धवट ओलं फडकं घडी करून ठेवलं की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. मी फडकी आतच दोरीवर, पंख्याखाली सुटी सुटी वाळत घालतो. बाहेर कठड्यावर टाकली तर धुतलेल्या फडक्यात पुन्हा धूळ. पूर्ण वाळली की हाताने चाचपून, घडी करून, रंगाप्रमाणे झाकणाच्या डब्यांत.

घरी स्वतः गाडी पुसणारेही मला पॉलिश कुठलं घेऊ म्हणून विचारतात. मी सांगतो, आधी चांगली चार फडकी घ्या. रंगाची, काचेची आणि चाकांची वेगळी ठेवा, वेगळी धुवा. पॉलिशचं नंतर बघू.