कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान

डॉक्टरांपुढे माणूस जरा बेताने बोलतो. औषधांच्या दुकानात मात्र तो मोकळा होतो. ‘गुडघा ठणकतोय’, ‘कंबर धरलीय’, ‘डोकं नुसतं उठलंय’—वेदनेची इतकी अस्सल मराठी दुसरीकडे क्वचितच कानी पडेल! आमच्या कोपऱ्यावरचे केमिस्टकाका वर्षानुवर्षे ती ऐकत आले आहेत. कुणी क्रोसिन मागितली, की ते आधी विचारतात, “घरी कॅल्पोल चालू नाही ना?” नावे दोन, आत पॅरासिटामॉल एकच, आणि धडधाकट माणसानेही ते दिवसाला ४ ग्रॅमपलीकडे घेतले तर यकृताशी गाठ. मूत्रपिंड अधू असलेल्या म्हाताऱ्याला डायक्लोफेनॅक द्यायला काका साफ नाही म्हणतात. गिऱ्हाईक रागावून पलीकडच्या दुकानात जाते. जाईना का!

असे हे काका मी एकदाच घाबरलेले पाहिले. पाच-सहा वर्षांमागची गोष्ट. आत्याचा कर्करोग हाडांत उतरला होता. रात्र रात्र ती पदराचा बोळा दातांत धरून पडे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी वाचताच काकांनी ती निखाऱ्यासारखी माझ्या हातात परत ठेवली.

“हे आम्ही ठेवत नाही. सवय लागते हो. शिवाय नसत्या चौकश्या!”

सवय! जिचे महिने बोटांवर मोजायचे, तिला सवय लागेल ही काळजी! पण भीती एकट्या काकांची नव्हती. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवाने आणि शिक्षा यांचे असे जाळे विणले, की भल्याभल्यांनी मॉर्फिनचे नाव टाकले. २०१४ साली कायदा बदलला, मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सोपी झाली. दुकानांतले भय मात्र तसेच राहिले. आणि अफू पिकते कुठे? आपल्याच मंदसौर-नीमचच्या शेतांत, सरकारी परवान्याने!

दुसऱ्या दिवशी काका आपण होऊन घरी आले. शहरात त्या गोळ्या कुठल्या रुग्णालयात मिळतात, याची चौकशी त्यांनी करून ठेवली होती. सोबत रेचकाची बाटली.

“मॉर्फिननं पोट साफ होत नाही. हे पहिल्या दिवसापासून द्या. आणि गोळी दुखायला लागल्यावर नको, घड्याळ लावून द्या.”

म्हणजे विद्या सगळी होती. फडताळात औषध तेवढे नव्हते.

आठवड्याने आत्या उशीला टेकून बसली, दिवाळीची चकली मोडून पाहिली आणि सूनबाईंना म्हणाली, “भाजणी कच्ची राहिलीय गं.”