पाठीवरचं पोर

जळगावहून धुळ्याकडे निघालं की एरंडोलनंतर पारोळा लागतं. तिथल्या भुईकोट किल्ल्याचा विषय निघाला की पारोळेकर झाशीच्या राणीवर येतोच, आणि ते उगाच नाही. झाशीच्या नेवाळकरांची इथे जहागीर होती. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबर १८५३ मध्ये, दत्तक घेतलेला आनंदराव याच पारोळ्याच्या शाखेतला. तोच दामोदरराव. पुतळ्यांतल्या राणीच्या पाठीला बांधलेलं पोर आपल्या खानदेशातलं, याचा अभिमान मलाही आहे.

तरी साहित्यातल्या राणीचं या पोरानेच नुकसान केलं, असं आता वाटतं. घोडा, तलवार, पाठीवर मूल. एवढ्यावर कवींचं आणि नाटककारांचं भागलं. १८५४ मध्ये डलहौसीकडे खलिते धाडून १८१७ च्या तहाचा आणि शेजारच्या संस्थानांत मान्य झालेल्या दत्तकांचा दाखला देणारी, कायद्याने भांडणारी बाई मागेच राहिली. तहाच्या कलमांवर पोवाडा कसा रचणार म्हणा!

त्यातल्या त्यात वरसईच्या विष्णुभट गोडशांनी तिला नीट पाहिलं. ‘माझा प्रवास’मधली राणी व्यायाम करते, पूजा करते आणि कधी पुरुषी पोशाखात कचेरीत बसून राज्याचा निवाडाही करते. दक्षिणेच्या आशेने गेलेल्या भिक्षुकाला, कारभार कोणाच्या हाती आहे ते बरोबर कळतं.

बाहेरही तेच. क्लिओपात्राने वीसएक वर्षं इजिप्त सांभाळलं. शेक्सपिअरच्या नाटकातून लोकांच्या लक्षात राहिलं ते तिचं प्रेम आणि साप. आपल्याकडे एका राजस्त्रीच्या हाती लेखणी ठळक दिसते, ती आनंदीबाईच्या. तीही ‘ध’चा ‘मा’ करायला. या दंतकथेला कागदाचा आधार नाही, पण रंगभूमीला ती फार मानवली. म्हणजे बाईने तलवार धरली तर देवी, लेखणी धरली तर कारस्थानी. अस्सल कागदांसाठी गावोगाव वणवण केलेल्या राजवाड्यांनी १९२६ मध्ये देह ठेवला तो धुळ्यात. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे. दस्तऐवजांची एवढी कदर करणाऱ्या मुलखातही आम्ही राणी ओळखतो ती पुतळ्यावरूनच.

आणि ते पोर? राणी पडल्यावर रानोमाळ भटकून शेवटी इंग्रजांच्या स्वाधीन झालं. पुढे दामोदरराव इंदुरात राहिला आणि १९०६ मध्ये वारला. तलवार त्याने उपसली नाही. झाशीच्या खजिन्यातल्या आपल्या पैशासाठी तो सरकारकडे अर्ज करत राहिला, आईने केले होते तसेच.